मनानेच घेतलेल्या हार्मोनच्या गोळ्या आणि सुया: काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावाला आमचं मेडिकल आहे. काउंटरवर उभी राहायला लागले त्याला आता २२ वर्षं झाली. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं येतात आणि त्यातले दोन-चार जण तरी आवाज खाली करून काहीतरी मागतात. तब्येत बनवायची गोळी, पॉवरची सुई, पाळी पुढे ढकलायची गोळी, गोरं व्हायची ट्यूब. ही सगळी हार्मोनची औषधं आहेत हे मागणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊकच नसतं. मागे रांग असते, दोन मिनिटांत समजावून होत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

आधी एक गोष्ट सांगते, कारण ती सुटली तर हे वाचून नुकसानच होईल. घरात कुणी स्टेरॉइडची गोळी काही आठवड्यांपासून रोज घेत असेल, तर हे वाचून घाबरून ती आजच बंद करू नका. कारण पुढे येईल.

हार्मोन म्हणजे नेमकं काय?

शरीरातल्या ग्रंथी रक्तात सोडतात ते निरोप. गळ्यातली थायरॉइड, मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी, पुरुषाचे वृषण, बाईचे बीजकोश, आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारी मेंदूखालची वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी. रक्तात एखादं हार्मोन कमी झालं की पियुषिका खालच्या ग्रंथीला कामाला लावते, पुरेसं झालं की थांबवते.

घराच्या टाकीत बॉल कॉक असतो, तसंच हे. टाकी भरली की नळ आपोआप बंद. आता समजा तुम्ही रोज बाहेरून टँकरनं टाकी भरू लागलात. नळ बंदच राहणार. महिनोन् महिने बंद राहिलेला नळ गंजतो. मग एक दिवस टँकर यायचा थांबला, तर टाकी कोरडी आणि नळही उघडत नाही. बाहेरून हार्मोन घेणाऱ्या माणसाचं बऱ्याच वेळा असंच होतं.

"ताई, पोरीले पाहुणे येऊन रायले, अंगावर मांसच नाही. त्या दोन गोळ्या द्या ना." त्या गोळ्यांत काय असतं?

हा प्रश्न मला लग्नसराईत सर्वात जास्त येतो. एक गोळी असते डेक्सामेथासोनची किंवा बीटामेथासोनची, म्हणजे स्टेरॉइड. दुसरी सायप्रोहेप्टाडीनची. ती मुळात ॲलर्जीची, पण तिनं भूक लागते आणि झोप येते. डेक्सामेथासोनचा अख्खा पत्ता चहाच्या पैशात येतो, म्हणून ती इतकी पसरली.

डेक्सामेथासोनची ती बारकी गोळी ०.५ मिलिग्रॅमची. पोरी ती दिवसातून तीनदा घेतात, म्हणजे १.५ मिलिग्रॅम. शरीर स्वतः दिवसभरात जेवढं कॉर्टिसोल, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथींचं आपलं स्टेरॉइड, बनवतं, त्याच्या निदान दुप्पट काम एवढ्या मात्रेत होतं. पंधरा दिवसांत गाल भरतात, घरचे खूश होतात. पण वाढते ती चरबी, आणि तीही चेहऱ्यावर, मानेमागे, पोटावर. दंडा-मांड्यांचा स्नायू उलट झिजतो. पोटावर जांभळे वळ उठतात, तोंडावर मुरुम आणि लव येते, पाळी चुकते, साखर वाढते. बरेच महिने घेतलं तर हाडं ठिसूळ होतात आणि खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते आतून मरू शकतं. तसं झालं की विशी-पंचविशीतच खुबा बदलायची वेळ येते.

मला याहून मोठी भीती वेगळी वाटते. पोरगी बारीक आहे ती का? कधी रक्त कमी असतं, कधी पोटात जंत, कधी थायरॉइड वाढलेलं, कधी साखर, आणि आपल्या भागात टीबी किंवा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही असतो. स्टेरॉइडनं ताप दबतो, भूक लागते, पोरगी बरी दिसायला लागते आणि आत टीबीला मोकळं रान मिळतं. म्हणून दोन महिन्यांत वजन उतरलं असेल, संध्याकाळी अंग कोमट लागत असेल, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर गोळीआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी आणि रक्त तपासा. तिथे पैसे लागत नाहीत.

सांधेदुखीच्या पुडीनं दोन दिवसांत बरं वाटलं. मग ती वाईट कशी?

दोन दिवसांत बरं वाटलं, यानेच सावध व्हा. १९४८ साली अमेरिकेत संधिवातानं खिळून पडलेल्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोनची, म्हणजे स्टेरॉइडची, सुई दिली आणि काही दिवसांत ती चालायला लागली. त्या शोधाला १९५० साली नोबेल मिळालं. पण थोड्याच वर्षांत त्याच डॉक्टरांना त्याचे दुष्परिणामही दिसू लागले. जडीबुटीनं वर्षानुवर्षांचा वात दोन दिवसांत जात नाही. आठवडी बाजारात बिन-नावाची पुडी मिळते आणि दुखणं चुटकीसरशी थांबतं, वर भूकही वाढते, तेव्हा त्या भुकटीत स्टेरॉइड कुटून घातलेलं असण्याची शक्यता मोठी. सोबत दुखण्याची तीव्र गोळीही कुटलेली असली तर पोटात जखम होऊन रक्त जातं. शौचाला डांबरासारखं काळं होत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी मोठी आई, म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची बायको, दीड वर्ष अशी पुडी खात होती. गुडघ्यांसाठी. पुडी घ्यायला लागल्यापासून ती पुन्हा कापूस वेचायला जायला लागली, म्हणून आम्हाला आनंदच होता. दिवाळीत तिला भेटले तेव्हा तोंड चांगलं गोल भरलेलं. मी म्हटलंही, तब्येत सुधारली बा तुमची. तिनं हात पुढे केला तर काचेच्या बांगड्या सरसर कोपरापर्यंत गेल्या. आधी त्याच बांगड्या मनगटावर घट्ट बसायच्या. तोंड भरतंय, पोट सुटलंय आणि हात मात्र काडीसारखे होतायत. मी औषधशास्त्र शिकलेली बाई, माझ्या डोळ्यांसमोर होतं सगळं, आणि मला कळलं नाही. याचं दुःख मला आजही आहे. तुमच्या घरात कुणाच्या बांगड्या अशा सैल झाल्या असतील आणि चेहरा फुगत असेल, तर तिला विचारा काय घेते ते.

"काहून बंद करू नको? तुमीच त म्हणता वाईट हाय."

कारण नळ गंजलेला असतो. तीन आठवड्यांहून जास्त दिवस रोज स्टेरॉइड पोटात गेलं की ॲड्रिनल ग्रंथी आपलं काम सोडून देऊ शकतात. कॉर्टिसोल नसेल तर रक्तदाब टिकत नाही, साखर आणि मीठ घसरतं. मग ताप, जुलाब, अपघात, बाळंतपण, ऑपरेशन, असा कुठलाही ताण आला की माणूस कोसळतो. उलट्या होतात, उठलं की चक्कर येते, पोट दुखतं, बोलणं बरळल्यासारखं होतं. याला उशीर झाला तर जीव जातो.

म्हणून गोळी डॉक्टर पायरीपायरीनं उतरवतात. याला कधी काही आठवडे, कधी बरेच महिने लागतात. ते वेळापत्रक मी इथे लिहीत नाही, कारण प्रत्येकाचं वेगळं असतं. आज करायचं एवढंच: चालू असलेली गोळी वाढवू नका, तोडू नका, आणि दोन-तीन दिवसांत सरकारी दवाखान्यात जाऊन "मी इतक्या महिन्यांपासून स्टेरॉइड घेतो, मला ते सोडायचंय" असं सरळ सांगा. कुणी आधीच बंद केलं असेल आणि वर सांगितलेली लक्षणं असतील, तर १०८ ला फोन करा आणि पोचल्या पोचल्या पहिलं वाक्य हेच बोला की स्टेरॉइड बंद केलं आहे. पुढचं वर्षभर दुसऱ्या कुठल्याही आजारासाठी गेलात तरी हे सांगायला विसरू नका.

कोविडमध्ये हेच औषध जीव वाचवत होतं ना?

होतं. २०२० च्या जूनमध्ये इंग्लंडच्या मोठ्या चाचणीतून कळलं की ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांत डेक्सामेथासोननं मृत्यू कमी होतात. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. आणि २०२१ मध्ये विदर्भानं काळ्या बुरशीचे रुग्ण पाहिले, कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा. वाढलेली साखर आणि बेहिशेबी स्टेरॉइड ही त्यामागची मोठी कारणं होती. दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे काही आजार यांत स्टेरॉइडला आजही तोड नाही. तुमच्या डॉक्टरांनी तपासून दिलं असेल तर बिनघोर घ्या, आणि त्यांनी सांगितलं तेवढेच दिवस घ्या.

पोलीस भरतीची तयारी करतोय. सोबतचे पोट्टे सुई घेतात. चार-पाच सुयांनी काय होते?

पहाटे पाचला आमच्या तालुक्याच्या मैदानावर ही पोरं १६०० मीटर धावतात. त्यांची मेहनत पाहून माझा जीव तुटतो. शेतीत काही उरत नाही, नोकरी एवढाच रस्ता दिसतो. त्यामुळे मी त्यांना रागावत नाही, पण सुई देतही नाही.

एकदा एका पोरानं रुमालात गुंडाळलेली रिकामी बाटली माझ्यासमोर ठेवली. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषाचं हार्मोन, २५० मिलिग्रॅम, तेलातलं. "अशीच पाहिजे." मी विचारलं, सुई कोण देतो? म्हणाला, आम्ही आम्हीच देतो, चौघांत एक बाटली पुरवतो. सुई किती? एकच, गरम पाण्यानं धुऊन. चौघांपैकी एकाच्या रक्तात हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्ही असेल तर तो चौघांत जातो. गरम पाण्यानं तो मरतोच असं नाही. तुम्हीही असं केलं असेल तर लाजू नका, उपजिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे सल्ला-तपासणी केंद्रात, एचआयव्हीची तपासणी फुकट आणि गुप्त होते. कावीळ बी आणि सीचीही तिथेच विचारा.

आता सुईचं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पियुषिका वृषणांना थांबवते. ते लहान होतात, शुक्राणू बनणं मंदावतं किंवा थांबतं. हे इतकं खात्रीचं आहे की जागतिक आरोग्य संघटनेनं पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून ते तपासून पाहिलं होतं. १९९० साली निकाल आला: आठवड्याला २०० मिलिग्रॅम घेणाऱ्या निम्म्याहून जास्त पुरुषांचे शुक्राणू सहा महिन्यांत शून्यावर गेले. ते सुदृढ होते, तपासणीखाली होते. थांबवल्यावर त्यांचं काही महिन्यांत पूर्ववत होत गेलं. आपल्या जिममधली पोरं त्याहून जास्त घेतात, सोबत नँड्रोलोन आणि स्टॅनोझोलोल ही मसल्सची औषधंही घेतात. त्यांना परत यायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, काहींना उपचार घ्यावे लागतात. लग्नाला तीन वर्षं झाली तरी मूल नाही म्हणून सासरी बोलणी खाते ती बायको, आणि कारण असतं नवऱ्यानं कधीतरी मैदानावर घेतलेल्या सुया. असे रिपोर्ट घेऊन माझ्या काउंटरवर आलेली जोडपी मी पाहिली आहेत.

रक्तात लाल पेशी वाढून ते घट्ट होतं, चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, हृदयाचा स्नायू जाड होतो. पोराच्या छातीत गाठ धरून स्तन वाढतात, आणि कधी ते ऑपरेशन केल्याशिवाय जात नाहीत. मसल्सच्या गोळ्या यकृताला सुईपेक्षाही घातक. आणि सतरा-अठरा वर्षांच्या पोरांनो, हे नीट वाचा: टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेन, म्हणजे बाईचं हार्मोन, होतो आणि इस्ट्रोजेन हाडांची वाढणारी टोकं मिटवतं. अजून उंची वाढायची असेल तर ती तिथेच थांबते. भरतीला मुलांची उंची १६५ सेंटीमीटर लागते. ज्यासाठी सुई घेतली, तेच हातचं जातं.

भरतीत मार्क धावण्याला आणि गोळाफेकीला आहेत. चणे, अंडी, दूध, तूर डाळ आणि रात्रीची झोप यांवर उभी राहिलेली पोरं आमच्याच गावातून भरती झालेली आहेत.

आणि प्रोटीन पावडर?

प्रोटीन हे अन्न आहे, हार्मोन नाही. पण सुटी विकलेली, बिन-बिलाची, "महिन्यात दहा किलो" म्हणणारी पावडर घेऊ नका, तिच्यात काय मिसळलं आहे ते कळायला मार्ग नाही.

वजन उतरवायला जाऊबाईंची थायरॉइडची गोळी घेतली तर चालेल का?

नाही. थायरॉइड नीट असलेल्या माणसानं ती घेतली तर चरबीसोबत स्नायू आणि हाडही झिजतं. छातीत धडधड होते, हात थरथरतात, झोप उडते, वय जास्त असेल तर ठोके बिघडून झटकाही येऊ शकतो. या गोळीचा अर्धा अंश उतरायलाच आठवडा लागतो, म्हणून "आज सोडली, उद्या बरं" असं होत नाही. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो. थायरॉइड वाढलेल्या बाईला तो उन्हाळा सोसत नाही.

ज्यांना ही गोळी खरंच लागते त्यांचंही सांगते, कारण चुका तिथेही होतात. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यानं घ्यायची, चहा निदान अर्ध्या-पाऊण तासानंतर. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चार तास लांब ठेवायची. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायची. दिवस राहिले तर गोळी सोडायची नाही, लगेच डॉक्टरांना भेटायचं, कारण बाळाच्या मेंदूसाठी ती लागते आणि मात्रा बहुतेक वाढवावी लागते.

महालक्ष्म्या बसतात त्याच दिवसांत पाळी येते. गोळी घेऊ का?

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या गोळीसाठी बायकांची रीघ लागते. माझं स्वतःचं मत विचाराल तर देवीला पाळीची अडचण नसावी. पण घरात सासूबाई आहेत, पंगत आहे, हे मला कळतं, म्हणून मत बाजूला ठेवून सांगते. ही नॉरइथिस्टेरॉन या हार्मोनची गोळी. पाळीच्या निदान तीन दिवस आधी सुरू केली तरच उपयोग, आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. एखाद्या वेळी, डॉक्टरांना विचारून, बहुतेक बायकांना चालते. पाळी सुरू झाल्यावर चार-चार गोळ्या एकदम खाऊन ती थांबवायला जाऊ नका. दर सणाला, दर लग्नाला घेऊ नका. ही घेत असताना दिवस राहणार नाहीत असंही समजू नका.

पायात किंवा फुप्फुसात आधी गुठळी झाली असेल, यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, किंवा अंगावरून कारण न कळता जात असेल, तर ही गोळी नकोच. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक दम लागला, छातीत कळ आली, तर गोळी थांबवून थेट दवाखाना. ही गोळी काही दिवसांचीच असते, वर सांगितलेल्या स्टेरॉइडसारखी ती उतरवावी लागत नाही.

घरात सिकलसेल आहे. आमच्यासाठी काही वेगळं?

हो, आणि गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट या भागातल्या लोकांनी हे जपून ठेवावं. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तात गुठळी होण्याचा धोका मुळातच जास्त. इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी तो आणखी वाढवते. खुब्याचं हाड मरणंही या आजारात होतं, त्यात स्टेरॉइडची भर नको. अंगदुखीवर गावातल्या डॉक्टरनं स्टेरॉइडची सुई दिली तर एक-दोन दिवस बरं वाटून मग दुखणं दुपटीनं उलटू शकतं. कुठलीही सुई घेण्याआधी आपलं सिकलसेलचं कार्ड दाखवा.

गोरं व्हायची ट्यूब तर वरून लावायची, तिचं काय?

तिच्यात बहुतेक वेळा मोमेटासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं. काही आठवड्यांत कातडी पातळ, लाल, उन्हात जळणारी होते, आणि सोडली की चेहरा आगीसारखा पेटतो. नायट्यावर लावली तर खाज थांबते आणि नायटा पसरतच जातो. मग साध्या औषधाला तो दाद देत नाही. २०१८ मध्ये सरकारनं अशा मलमांना चिठ्ठीची अट घातली, तरी त्या सर्रास मिळतात.

व्हिटॅमिन डीची पुडी रोज दुधातून घेतो. ती तर ताकदीची आहे.

६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल ही आठवड्यातून एकदाची असते, तीही ठरावीक आठवडे. व्हिटॅमिन डी शरीरात हार्मोनसारखंच काम करतं, चरबीत साठतं, लवकर बाहेर पडत नाही. रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम चढतं. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि लघवी, मग मुतखडा, आणि मूत्रपिंडावर घाव. "आठवड्याला एक" हे मी पुडीवर पेननं लिहून देते, तरी महिन्यात कुणीतरी चौथ्याच दिवशी रिकामी पाकिटं घेऊन येतं.

मी तृतीयपंथी आहे. गर्भनिरोधक गोळ्या घेते. डॉक्टरकडे जायची लाज वाटते.

लाज तुम्ही बाळगायची नाही. तुम्ही कोण आहात हे तुम्हाला माहीत आहे, त्यासाठी हार्मोन घेणं हा खरा उपचार आहे, फक्त तो या गोळ्यांनी नको. त्यांतलं इथिनाइल इस्ट्रॅडिओल हे इस्ट्रोजेन दिवसाला पाच-सहा गोळ्यांनी पोटात गेलं की पायात, फुप्फुसात, मेंदूत गुठळी होण्याचा धोका वाढतो, तंबाखू-बिडी असेल तर आणखी. डॉक्टर वेगळ्या प्रकारचं इस्ट्रोजेन देतात, रक्त तपासून मात्रा ठरवतात. २०१९ च्या कायद्यानं हार्मोन उपचाराची सोय करणं सरकारची जबाबदारी केली आहे. नागपूर किंवा सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हार्मोनचे किंवा मानसोपचाराचे डॉक्टर कोण, एवढं आधी विचारून जा. सोबत कुणी विश्वासाचं माणूस न्या.

तुम्ही चिठ्ठी मागता, पलीकडचा दुकानदार तसाच देतो.

देतो, हे खरं आहे, आणि आम्हा दुकानदारांची ही मोठी चूक आहे. १९४० च्या औषध कायद्याखालच्या नियमांत स्टेरॉइड आणि टेस्टोस्टेरॉन ही चिठ्ठीवरची औषधं आहेत. गिऱ्हाईक तुटेल या भीतीनं ती दिली जातात. औषधानं काही त्रास झाला तर तो १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कुणीही कळवू शकतं, त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही.

दवाखान्यात जाताना सोबत काय न्यायचं?

जे जे पोटात गेलं ते सगळं. रिकामे पत्ते, बाटल्या, ट्यूब, पुडीचा कागदसुद्धा. "डॉक्टर रागावतील" म्हणून लपवू नका.

मोठ्या आईनं त्या दिवाळीनंतरच्या नवरात्रात, उपवासात औषध नको म्हणून पुडी सोडली. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, तिला उभं राहता येईना. उपवासाचा अशक्तपणा म्हणून घरच्यांनी साखरपाणी दिलं. १०८ नं तिला सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब लागत नव्हता. तरुण डॉक्टरीण बाईंनी विचारलं, काही औषध चालू होतं का? आम्ही सगळे म्हणालो, नाही. पुडी आमच्या लेखी औषधच नव्हती. नर्सनं लुगडं सैल करताना कमरेची चंची निघाली. तिच्यात सुपारीसोबत चौकोनी घडी घातलेला शाळेच्या वहीचा कागद, त्यावर पेन्सिलनं सातचा पाढा आणि घडीत अडकलेली चिमूटभर भुरकट पूड, मधे पांढरे कण. डॉक्टरीण बाईंनी तो कागद उजेडात धरला, मोठ्या आईच्या पोटावरचे जांभळे वळ पाहिले आणि नर्सला हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे स्टेरॉइडचंच औषध, आणायला सांगितलं. संध्याकाळी ती उठून बसली आणि चहा मागितला.